आजोबांनी खाल्लेलं तूप

टोरांटोत चर्च आणि कार्लटन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर पिवळ्या विटांची एक अवाढव्य जुनी इमारत उभी आहे. आज तिच्या तळमजल्यावर किराणामालाचं दुकान चालतं. ट्रॉली ढकलत पंचविसाव्या रांगेपर्यंत गेलात, तर फरशीवर एक लाल ठिपका दिसतो. बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्यावरून ट्रॉली नेतात. एखादाच थांबतो, सोबतच्या नातवाला काहीतरी समजावतो, फोटो काढतो आणि मग यादीतलं पुढचं सामान शोधायला लागतो. हा ठिपका म्हणजे मेपल लीफ गार्डन्स या रिंकचा मध्यबिंदू. १९३१ पासून १९९९ पर्यंत इथे बर्फ होता आणि टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा घरचा प्रत्येक सामना याच जागी पक (खेळायची रबरी चकती) टाकून सुरू व्हायचा.

आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगचा सर्वोच्च करंडक म्हणजे स्टॅन्ली कप. तो या संघाने तेरा वेळा जिंकलाय. पहिले दोन, १९१८ आणि १९२२ चे, जुन्या नावांनी आणि जुन्या रिंकवर. उरलेले अकरा या इमारतीच्या काळातले. शेवटचा १९६७ चा. त्यानंतर २०२५ च्या हंगामापर्यंत, कप सोडाच, संघ अंतिम फेरीतही पोचलेला नाही. आमच्या आजोबांनी तूप खाल्लं होतं, आमच्या हाताचा वास घ्या, असं आपल्याकडे म्हणतात. हे अख्खं शहर गेली जवळपास साठ वर्षं आपलाच हात हुंगत बसलंय.

मी डोंबिवलीहून इथे आले तेव्हा मला हॉकी म्हणजे हिरवळीवरची, ध्यानचंदांची, एवढंच ठाऊक होतं. पण या गावात राहून लीफ्सपासून लांब राहता येत नाही. नव्याने आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच टिम हॉर्टन्सची कॉफी प्यायला लागतो, दोन चमचे साखर, दोन वेळा क्रीम, ‘डबल डबल’. हा टिम हॉर्टन लीफ्सचा बचावपटू होता. त्याने या संघाकडून चार कप जिंकले आणि खेळत असतानाच, १९६४ मध्ये, हॅमिल्टनला डोनटचं दुकान टाकलं. तेव्हा खेळाडूंना पगारच असे मिळायचे की उन्हाळ्यात पोटापाण्याचं काहीतरी बघावं लागायचं. १९७४ मध्ये तो गाडीच्या अपघातात गेला. आज त्याच्या नावाच्या कागदी पेल्याशिवाय इथली सकाळ होत नाही, आणि पेला हातात धरणाऱ्या कितीतरी जणांना तो माणूस होता हेही माहीत नसतं.

मला हे सगळं सांगितलं शेजारच्या आजींनी. इथल्या रीतीप्रमाणे तोंडाने मी त्यांना नावानेच हाक मारते, मनात मात्र आजीच म्हणते. त्यांचा जन्म १९५१ चा, म्हणजे लीफ्सच्या एका कपाच्याच वर्षातला. त्यांचे वडील शनिवारी रात्री रेडिओसमोर बसायचे आणि फॉस्टर ह्यूइटचं धावतं वर्णन चालू असताना घरात कुणी तोंड उघडायचं नाही. आजींना तारखा पाठ आहेत, गोल पाठ आहेत, कुणाचा कुठला पाय मोडला होता तेही पाठ आहे. माझ्या मुलाने शेजारपाजारच्या हाउस लीगमध्ये नाव घातलं तेव्हा स्केट्सच्या नाड्या कशा आवळायच्या ते त्यांनीच दाखवलं. घोट्यापाशी इतक्या करकचून की मूल ‘आई गं’ म्हणालं पाहिजे, आणि बोटांपाशी सैल. पहाटे सहाच्या सरावाला जाताना बोटं गारठलेली असतात, तेव्हा ती नाडी आवळणं हा एक स्वतंत्र खेळच असतो. (हॉकीच्या बॅगेला येणाऱ्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांच्या घरात ती आहे त्यांना सांगायची गरज नाही.)

आजींशी माझा एक वाद कायमचा आहे. त्या ‘तेरा कप’ म्हणतात तेव्हा मी हिशेब काढते. १९४२ ते १९६७ ही पंचवीस वर्षं लीगमध्ये संघच सहा होते: माँट्रियल, टोरांटो, डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन, न्यूयॉर्क. सहातले चार प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, जायचे. दोन मालिका जिंकल्या की कप तुमचा. आज संघ बत्तीस आहेत आणि कपासाठी चार मालिका, म्हणजे सोळा सामने जिंकावे लागतात. त्या पंचवीस वर्षांतले दहा कप माँट्रियलने नेले, नऊ टोरांटोने, पाच डेट्रॉइटने. शिकागोला एक मिळाला. बॉस्टन आणि न्यूयॉर्क पंचवीस वर्षं हात हलवत घरी गेले. हे काही नुसत्या गुणवत्तेने घडलं नाही. तेव्हा व्यावसायिक संघ कुमारांचे संघ पोसायचे आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने एका कागदावर सही केली की तो त्या संघाला बांधला जायचा. टोरांटोकडे सेंट मायकल्स ही कॅथलिक शाळा होती आणि मार्लबोरोज हा कुमारांचा संघ होता. डेव्ह कीऑन, फ्रँक महोव्हलिच, टिम हॉर्टन ही सगळी सेंट मायकल्सची पोरं. ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो असा कुंपणाच्या आत होता.

आजी हे ऐकून घेतात आणि म्हणतात, कुंपण होतं खरं, पण आत कुणी आयतं दिलं नव्हतं. इथे मला गप्प बसावं लागतं, कारण त्या काळातल्या गोष्टी खरोखर तशा आहेत.

रिंकचीच घ्या. महामंदीत, बँका हात आखडून बसलेल्या असताना, संघाचा मालक कॉन स्माइथ याने ही इमारत साधारण पाच महिन्यांत उभी केली. पैसे कमी पडले तेव्हा त्याचा मदतनीस फ्रँक सेल्की कामगार संघटनांकडे गेला आणि मजुरीचा पाचवा हिस्सा कंपनीच्या शेअर्समध्ये घ्यायला त्यांना राजी केलं. १२ नोव्हेंबर १९३१ ला पहिला सामना झाला, तो शिकागोकडून २-१ असा हरले. (१९९९ मध्ये इथला शेवटचा सामनाही शिकागोकडूनच हरले. लीफ्सचं हे असं असतं.) पण त्याच हंगामात कप घरी आला.

किंवा १९४२. अंतिम मालिकेत डेट्रॉइटने पहिले तिन्ही सामने जिंकलेले. सातांत चार जिंकायचे, म्हणजे एकच बाकी. प्रशिक्षक हॅप डेने हातातला सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू, गॉर्डी ड्रिलन, बाकावर बसवला आणि डॉन मेट्झ या फारशा कुणाला माहीत नसलेल्या पोराला उतरवलं. शहरातले लोक चिडले असणार. चौथा सामना लीफ्सनी डेट्रॉइटमध्ये ४-३ ने जिंकला. सामना संपताच डेट्रॉइटचा व्यवस्थापक जॅक ॲडम्स पंचावर धावून गेला आणि निलंबित झाला. पाचवा ९-३, सहावा ३-०. १८ एप्रिलला गार्डन्समध्ये सोळा हजारांवर माणसं कोंबली होती. तिसऱ्या सत्रापर्यंत लीफ्स एका गोलने मागे होते आणि तिथून ३-१ ने जिंकले. स्टॅन्ली कपाच्या अंतिम मालिकेत ०-३ वरून जिंकणं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. हा पराक्रम सहा संघांच्या हिशेबात बसवून लहान करता येत नाही, हे मी आजींना केव्हाच देऊन टाकलंय.

१९४५ चा कप झाला. मग १९४७, ४८, ४९ असे सलग तीन, लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच. ते मी घाईत ओलांडते, कारण मला १९५१ ला पोचायचंय.

त्या वर्षी अंतिम मालिका माँट्रियलविरुद्ध होती आणि पाचही सामने ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, गेले. २१ एप्रिलला पाचव्या सामन्यात लीफ्स २-१ ने मागे होते. बत्तीस सेकंद उरलेली असताना टॉड स्लोनने बरोबरी केली. ओव्हरटाइमच्या तिसऱ्या मिनिटात बिल बारिल्को हा चोवीस वर्षांचा बचावपटू आपली जागा सोडून पुढे झेपावला. पुढे धावणं त्याचं काम नव्हे. त्याने पक हाणला आणि तोल जाऊन पुढे कोसळला. त्या क्षणाचा फोटो आहे. गोलकीपर मागे पडलेला, पक जाळ्यात, आणि बारिल्को दोन्ही पाय उचलले जाऊन हवेत आडवा. त्याला अजून कळलेलं नाही की आपण कप जिंकून दिलाय. पाच हंगामांतला त्याचा हा चौथा कप.

त्याच ऑगस्टमध्ये तो हेन्री हडसन नावाच्या एका दंतवैद्य मित्राबरोबर छोट्या विमानातून उत्तरेकडे मासे पकडायला गेला आणि परतताना विमानासकट नाहीसा झाला. शोध घेतला तो कॅनडात तोवर झाला नव्हता एवढा मोठा. काही हाती लागलं नाही. तो टिमिन्सचा, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या गावचा. त्यामुळे सोन्याच्या तस्करीच्या आवया उठल्या, कुणी म्हणे तो रशियात जाऊन पोरांना हॉकी शिकवतोय. इकडे लीफ्सना कप मिळेना. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. २२ एप्रिल १९६२ ला त्यांनी शिकागोला हरवून अखेर कप जिंकला. आणि दीडेक महिन्याने, जूनमध्ये, कॉक्रेन गावाच्या उत्तरेला दाट जंगलात विमानाचे अवशेष सापडले. दोन्ही सांगाडे आत तसेच बसलेले होते.

शाप वगैरेवर माझा विश्वास नाही. विमानात वजन जास्त झालं असेल, हवा खराब असेल, जंगल दाट होतं. पण आजींच्या पिढीतल्या माणसाशी याबद्दल वाद घालू नये एवढं मला कळतं. त्याचा ५ नंबर संघ आता कुणालाही देत नाही.

साठच्या दशकातला संघ इमलॅक या प्रशिक्षकाचा. तो खेळाडूंना सरावात पिळून काढायचा, आणि म्हाताऱ्या खेळाडूंवर त्याचा विलक्षण जीव. १९६२, ६३, ६४ असे सलग तीन कप झाले. त्यातल्या १९६४ च्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सहाव्या सामन्यात बॉबी बॉनचा पाय दगा देऊन गेला आणि त्याला स्ट्रेचरवरून आत नेलं. डॉक्टरांनी पाय सुन्न केला, पट्ट्या गुंडाळल्या, आणि हा गडी ओव्हरटाइममध्ये परत येऊन विजयी गोल करून गेला. सातवा सामनाही खेळला. हाड मोडलं होतं हे कप जिंकून झाल्यावर क्ष-किरणात कळलं. दुसरा रेड केली, जो त्या वेळी कॅनडाच्या संसदेचा खासदारही होता! आठवडाभर ओटावा-टोरांटो फेऱ्या आणि अंतिम सामन्यात खेळणं. सातव्या सामन्यानंतर वेदनांमुळे त्याला थेट रुग्णालयात न्यावं लागलं, जल्लोष हुकला. म्हणून नंतर कप त्याच्या घरी नेला. फोटोसाठी तान्ह्या मुलाला कपाच्या वाडग्यात बसवलं, आणि बाळाने तिथेच कार्यक्रम उरकला. पुढे आयुष्यभर, विजेते त्या कपातून शँपेन पिताना दिसले की केलीला हसू यायचं.

आता १९६७. इथल्या लोकांच्या बोलण्यात हे साल एखाद्या गावाच्या नावासारखं येतं, त्यामुळे मला वाटायचं की तो संघ ऐन भरातला असणार. उलट होतं. तो म्हाताऱ्यांचा संघ होता. गोलमध्ये जॉनी बाउअर बेचाळीस वर्षांचा आणि टेरी सॉचक सदतीसचा. ॲलन स्टॅन्ली एक्केचाळीस, केली एकोणचाळीस, हॉर्टन सदतीस. हंगामाच्या मध्यात सलग दहा सामने हरले. इमलॅक आजारी पडून रुग्णालयात गेला आणि किंग क्लॅन्सी या आनंदी स्वभावाच्या जुन्या खेळाडूने काही दिवस संघ सांभाळला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. उपांत्य फेरीत लीगमध्ये अव्वल आलेल्या शिकागोला हरवलं. अंतिम फेरीत समोर माँट्रियल, मागची दोन वर्षं विजेते. आणि साल कॅनडाच्या शताब्दीचं, माँट्रियलमध्ये जागतिक प्रदर्शन नुकतंच उघडलेलं.

२ मे ला गार्डन्समध्ये सहावा सामना. लीफ्स २-१ ने पुढे. मिनिटापेक्षा कमी वेळ उरलाय, माँट्रियलने गोलकीपर काढून सहावा हल्लेखोर उतरवलाय, आणि फेसऑफ, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, लीफ्सच्याच गोलजवळ. इथे कुठलाही शहाणा प्रशिक्षक ताज्या दमाची पोरं उतरवेल. इमलॅकने आपले म्हातारे पाठवले: स्टॅन्ली, हॉर्टन, केली, पल्फर्ड, कप्तान जॉर्ज आर्मस्ट्राँग. फेसऑफ घ्यायला स्टॅन्ली, जो बचावपटू आहे, आणि समोर जाँ बेलिव्हो, त्या काळातला एक सर्वांत देखणा खेळाडू. पक पडला. स्टॅन्लीने बेलिव्होला अंगाने असं अडवलं की तो नियमबाह्य अडवल्याची तक्रार करत राहिला. पक केलीकडे, केलीकडून पल्फर्डकडे, पल्फर्डकडून आर्मस्ट्राँगकडे. आर्मस्ट्राँगने तो रिकाम्या गोलमध्ये सरकवला. सत्तेचाळीस सेकंद शिल्लक. ३-१.

आजी तेव्हा सोळाच्या. मी विचारलं, त्या रात्री काय केलंत? म्हणाल्या, काही नाही, दुसऱ्या दिवशी शाळा होती. सहा वर्षांतला चौथा कप नाही का. पुढच्या वर्षी पुन्हा होईल असंच वाटलं.

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. शेवटचं म्हणून कुणी ते पाहिलंच नव्हतं.

पण ज्यांनी पाहायला हवं होतं त्यांनी तरी पाहायचं. त्याच वर्षी लीग सहावरून बारा संघांची झाली. कुमारांना बांधून ठेवायची पद्धत मोडीत निघाली, आता नवे खेळाडू वाटणीने मिळणार होते. म्हणजे कुंपण पडलं. आणि नेमक्या त्या काळात टोरांटोच्या मालकांनी काय करावं? व्हिक्टोरिया आणि रॉचेस्टर हे आपले तयारीचे दोन संघ विकून रोकड केली. बियाणं विकून टाकल्यावर पुढच्या हंगामात पीक कुठून येणार? हॅरल्ड बॅलार्ड या मालकावर इथे लोक सगळं खापर फोडतात, आणि माझ्या मते फार चुकत नाहीत. १९७२ मध्ये फसवणूक आणि चोरीच्या ४७ आरोपांत तो दोषी ठरला, तुरुंगात जाऊन आला आणि संघ मात्र १९९० मध्ये मरेपर्यंत त्याच्याच मुठीत राहिला. १९६७ च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या डेव्ह कीऑनला त्याने असं वागवलं की १९७५ मध्ये तो दुसऱ्या लीगमध्ये निघून गेला आणि नंतर कित्येक वर्षं या संघाचं तोंडही पाहिना. २००७ मध्ये, कपाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, तो बर्फावर आला. आजी म्हणतात त्या दिवशी त्या टीव्हीसमोर रडल्या. कपासाठी नाही रडल्या कधी.

बॅलार्डच्या काळात एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे संघ हरला तरी गार्डन्स भरतंच. मला हे सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. तिकीट विकलं जाणारच असेल तर जिंकायची निकड कुणाला?

त्यानंतरचं काय सांगू? १९९३ मध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध सहाव्या सामन्याच्या ओव्हरटाइममध्ये वेन ग्रेट्झ्कीची काठी डग गिल्मोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, पंच केरी फ्रेझरने शिक्षा दिली नाही, आणि लगेच ग्रेट्झ्कीनेच गोल केला. फ्रेझरचं नाव इथे अजून शिवीसारखं घेतात. २०१३ मध्ये बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात ४-१ ने पुढे असताना शेवटच्या दीड मिनिटात दोन गोल खाल्ले आणि ओव्हरटाइममध्ये हरले. २०२० मध्ये तर कहर झाला. कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले, म्हणून डेव्हिड एअर्स या बेचाळीस वर्षांच्या माणसाला आयत्या वेळी उतरवलं. तो टोरांटोतच बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी चालवायचा. लीफ्स त्यालाही हरवू शकले नाहीत. इथे प्रत्येक वयाच्या माणसाचं स्वतःचं एक दुःख आहे. तुम्ही कुठलं साल आधी काढता त्यावरून तुमचं वय कळतं.

आमच्या घरात सामना बरेचदा पंजाबीत लागतो. शनिवारच्या सामन्यांचं पंजाबी धावतं वर्णन २००८ पासून सुरू आहे, आणि ते इंग्रजीपेक्षा कितीतरी रंगतदार असतं. मला पंजाबी अर्धीच कळते, पण लीफ्सची वाट लागत असताना तेवढी पुरते.

गेल्या हिवाळ्यात आजींना घेऊन हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेले. यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर, बँकेच्या जुन्या इमारतीत. तिथल्या तिजोरीच्या खोलीत स्टॅन्ली कपाचं मूळ १८९२ चं चांदीचं भांडं ठेवलंय, आणि कपावरून उतरवलेल्या जुन्या पट्ट्याही. कपाच्या खालच्या पिंपावर पाच पट्ट्या असतात, एकेका पट्टीवर साधारण तेरा विजेत्यांची नावं मावतात. खालची पट्टी भरली की सगळ्यात वरची, जुनी, काढून इथे आणतात आणि नवी जोडतात. २०१८ मध्ये १९५४ ते १९६५ ची पट्टी निघाली. म्हणजे १९६२, ६३, ६४ चे लीफ्स आता कपावर नाहीत, या खोलीत आहेत. १९६३ च्या नोंदीत कोरणाऱ्याने ‘लीफ्स’च्या स्पेलिंगमध्ये ‘एफ’ऐवजी ‘ई’ ठोकलाय. आजींनी काचेवर बोट ठेवून मला तो ‘ई’ दाखवला, मोठ्या अभिमानाने.

१९६७ ची नावं अजून कपावर आहेत. सगळ्यात वरच्या पट्टीवर. आताची खालची पट्टी २०३० च्या सुमारास भरेल, मग तीही निघेल. तोवर लीफ्स जिंकले नाहीत, तर पिंपाच्या पाच पट्ट्यांपैकी एकीवरही टोरांटोच्या खेळाडूचं नाव उरणार नाही.

मी हे आजींना समजावून सांगत होते. त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होतं.

“तेव्हा मी ऐंशीची असेन,” त्या म्हणाल्या. “माझी काळजी नाही. माझ्या घरात सगळे नव्वदी गाठतात. तुमच्या या पोरांचं सांग.”

‘तुमच्या’ म्हणाल्या. जिंकले होते तेव्हा ते त्यांचे होते.